एक बोट मोठं माप

कल्लाप्पा कधी आला हे कुणाला कळायचंच नाही. मी कॅम्पातल्या मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या बांधत बसलेलो असायचो आणि एकदम पाठीमागून आवाज यायचा, "मास्तर, आज वारं चर्चाकडनं हाय." दचकून वळावं तर हा उभा. हातात भाजीची रिकामी बुट्टी, अंगात विटकी अर्धी चड्डी आणि धुळीनं पांढरे झालेले पाय. सकाळी कडोलीहून डोक्यावर भाजी घेऊन बेळगावच्या बाजारात चालत यायचं, ती विकायची आणि उन्हं कलली की मैदानावर हजर व्हायचं, हा त्याचा रोजचा क्रम. एवढं चालून आलेल्या माणसाच्या पावलांचा काहीतरी आवाज व्हायला हवा की नको? माझी बायको म्हणायची, "त्यांना सांगा, दारातून खोकत या म्हणावं. माझ्या हातातलं भांडं पडतं."

मी आमच्या टीमचा गोलकीपर होतो. शाळेत मी भूमिती शिकवत असे आणि ज्याला भूमिती येते त्याला गोल अडवता येतो, अशी आमच्या कॅप्टनची कुणीतरी समजूत करून दिली होती. ती मी दर आठवड्याला खोटी पाडत असे. पण त्या जागेचा एक फायदा झाला. कल्लाप्पाला मी वर्षानुवर्षं पाठमोरा पाहिला. तो पुढे फॉरवर्डला आणि मी मागे खांबांमध्ये. त्याच्या तोंडापेक्षा त्याच्या टाचा माझ्या जास्त ओळखीच्या होत्या. इतकं अनवाणी चालूनही त्यांना भेगा नव्हत्या. जुन्या उंबऱ्याच्या लाकडासारख्या त्या गुळगुळीत आणि घट्ट झाल्या होत्या.

पहिली मॅच मला आठवते. समोर गोऱ्यांच्या पलटणीची टीम, सगळ्यांच्या पायांत खिळ्यांचे बूट. आमच्यातले निम्मे बुटातले, निम्मे कॅनव्हासवाले आणि कल्लाप्पा एकटा अनवाणी. त्यांचा एक थोराड सार्जंट बॅकला होता. त्यानं पहिल्याच झटापटीत कल्लाप्पाच्या पायावर बूट आणला. बघणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. कल्लाप्पा लंगडत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, रुमाल द्या. चांगला नगो, मळका द्या." माझ्याकडे मळकाच होता. अंगठ्याला तो बांधून हा परत गेला आणि त्याच सार्जंटच्या दोन्ही पायांमधून बॉल काढून त्यानं गोल मारला. लोक मराठीत "हाण" आणि कानडीत "होडी" असं ओरडत होते, ते एकदम गप्प झाले आणि मग जी बोंब उठली ती पार स्टेशनापर्यंत गेली असेल.

मॅच संपल्यावर सार्जंट आला, खाली बसला आणि घोड्याचा खूर तपासावा तसा त्यानं कल्लाप्पाचा पाय उचलून तळव्यावर अंगठा दाबून पाहिला. काहीतरी विचारलं.

"काय म्हनतोय?" कल्लाप्पानं मला विचारलं.

"बूट का घालत नाहीस, म्हणतोय."

"सवय न्हाय म्हनावं."

मी तसं सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं कल्लाप्पा सगळ्यांना हेच उत्तर देत होता आणि सगळ्यांना ते पटतही होतं.

त्याचं खेळण्याचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "बॉलकडं बघू नगा मास्तर, ढोपराकडं बघा. बॉल खोटं बोलतोय, ढोपार न्हाय." गोऱ्याचा गुडघा कुठं वळतो ते पाहून तो आधीच बाजूला झालेला असायचा आणि बूट रिकाम्या मातीवर आदळायचा. मला हे शास्त्र कधी जमलं नाही. मी गुडघ्याकडे बघत राहायचो आणि बॉल जाळीत जाऊन बसायचा.

आणखी एक सवय होती. मॅच सुरू होण्याआधी तो बघणाऱ्यांच्या गर्दीतून एक फेरी मारायचा. कॅम्पात रजेवर आलेले, पेन्शनीत निघालेले आपले शिपाई पुष्कळ. त्यांतला कुणी जुना दिसला की हा त्याच्यापुढं जाऊन उभा राहायचा. "दादा, बसऱ्याला हुता काय? भरमा कडोलकर म्हनून कुनी वळखीचा?" समोरचा मान हलवायचा. मग हा मैदानात यायचा आणि खेळायचा. भरमा हा त्याचा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात भरती होऊन तिकडे इराकात बसऱ्याकडे गेला आणि सरकारी कागदावर बेपत्ता म्हणून राहिला. एवढं मला माहीत होतं. त्या भरमाचा आणि या अनवाणी पायांचा काही संबंध असेल असं मात्र मनात आलं नाही.

निपाणीला आम्ही दर साल खेळायला जायचो. तिथं एक तंबाखूचे व्यापारी होते, फुटबॉलचे वेडे. तंबाखूच्या हंगामात त्या गावाची हवा अशी असते की परका माणूस स्टँडवर उतरला की शिंकायला लागतो. एकदा मी शिंकत असताना गोल झाला. त्यावर टीममध्ये जे काही बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही. कल्लाप्पानं मात्र तो गोल फेडला, वर आणखी एक मारला आणि व्यापारी इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं चांभाराला बोलावून घेतलं. कल्लाप्पाला खास वहाणा करून द्यायच्या, पुढच्या खेपेला सत्कार करून त्या द्यायच्या, असं ठरलं.

चांभार पायाशी बसून माप घेऊ लागला. कल्लाप्पा म्हणाला, "एक बोट मोठं धर."

"पाय हितं माझ्या हातात हाय की. मोठं कशाला?"

"धर म्हनतो न्हवं."

आम्हाला हसू आवरेना. कॅप्टन म्हणाला, "ह्याला वाटतंय अजून पाय वाढायचाय." ज्यानं जन्मात कधी पायात काही घातलं नाही त्याला मापाची काय अक्कल, असंच आम्ही सगळे समजलो. पुढच्या साली वहाणा मिळाल्या. करकरीत, लाल गोंड्यांच्या. कल्लाप्पानं त्या कपाळाला लावल्या आणि बगलेत धरल्या. व्यापारी म्हणाले, "अहो, घाला की पायात." तो म्हणाला, "आधी देवापुढं ठेवतो, मग घालतो." केवढा नम्र माणूस म्हणून टाळ्या पडल्या. परतीच्या मोटारीत त्या वहाणा मांडीवर ठेवून तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

मग एकदा गावच्या लक्ष्मीच्या जत्रेला त्यानं आम्हा नवराबायकोला कडोलीला जेवायला बोलावलं. घर साधं, शेणानं सारवलेलं. सोप्यात भिंतीला एक लांब फळी होती आणि तिच्यावर निपाणीच्या त्या वहाणा होत्या. एकट्या नव्हत्या. शेजारी पंपशू होते, कुठल्याशा क्लबानं दिलेले बूट होते, आणखी दोन जोड वहाणा होत्या. सगळ्या तेल लावून चकचकीत केलेल्या आणि एकाच्याही तळाला माती नाही. फळीखाली एक उंच बाई एरंडेलाचा बोळा घेऊन एक बूट पुसत बसल्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातभर हिरव्या बांगड्या. ह्या भरमाच्या बायको, शेवंतावैनी.

माझ्या बायकोनं सहज विचारलं, "एवढी पायताणं कुणाची हो?"

"ह्येंची," त्या म्हणाल्या. "आल्यावर लागतील न्हवं?"

दाराशी कल्लाप्पाची म्हातारी आई बसली होती. तिचे डोळे गेले होते. कल्लाप्पा बाहेरून आला की आधी तिच्यापुढं बसून दोन्ही पाय पुढं करायचा. ती तळव्यांवरून हात फिरवायची, बोटांच्या सांध्यांतली धूळ चाचपायची आणि मग म्हणायची, "जा आत." हे रोज चालायचं. त्या दिवशी आमच्यासमोरही चाललं.

मोटारीपर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. बेपत्ता म्हणून कागद आला त्या दिवशी आईनं गावच्या लक्ष्मीपुढं नवस बोलला होता की भरमा घरात पाऊल टाकेपर्यंत धाकट्याच्या पायात वहाण चढणार नाही. तेव्हा कल्लाप्पा पोरगा होता. साऱ्या गावासमोर बोललेला नवस. त्या नवसावर भरमा जिवंत होता. भावकीनं बारा वर्षं वाट पाहिली आणि मग दर्भाचा पुतळा करून जाळा, सुटका करा असं म्हणायला सुरुवात केली. पण धाकटा अनवाणी फिरतोय तोवर कुणाला जोर करता येत नव्हता.

"आणि तू वहाणा घातल्यास तर?" मी विचारलं.

"माझ्या पायात वहान चढली की वैनीचं कुंकू उतरलं, मास्तर. मग तिच्या बांगड्या हायत, आनि बायका हायत फोडायला."

घरी येईपर्यंत माझे स्वतःचे बूट मला जड वाटत होते.

त्याच्या लग्नाचा विषय निघाला की तो हसून म्हणायचा, "नवरदेवाला वहाना लागत्यात." गावात दीर-भावजयीबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं नसेल असं नाही. एका छपराखाली दोघं, मध्ये एक आंधळी म्हातारी. पण जो बोलायचा तोही कल्लाप्पाच्या पायांकडे बघून तोंड आवरायचा.

आता ज्या दोन गोष्टी सांगतो त्या एकाच सालच्या आहेत. त्या वर्षी कल्लाप्पानं मैदानावरची फेरी बंद केली. जुना शिपाई समोर आला तरी हा त्याला काही विचारायचा नाही. मला वाटलं, थकला. आणि त्याच वर्षी माझी बायको कडोलीहून परत आल्यावर म्हणाली, "शेवंतावैनींनी मला कुंकू लावलं नाही. हात खरकटा आहे, तुम्हीच लावून घ्या, म्हणाल्या." पुढच्या खेपेला हाताला तेल होतं, त्यापुढच्या खेपेला पीठ. बायको चिडली. "सवाष्णीला कुंकू लावायला हिच्या हाताला रोज काय होतं?" बाईमाणसांच्या रुसव्याफुगव्यांत मी पडत नाही, म्हणून तेही तिथंच राहिलं.

म्हातारी गेली. तेराव्याला मी गेलो होतो. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि भावकीतल्या एका चुलत्यानं घसा साफ केला. "कल्लाप्पा, म्हातारीचा जीव भरमात हुता म्हनून आमी गप बसलतो. आता ती गेली. भटजी हितं बसल्यात, दर्भ हाय. भरमाचं बी उरकून घेऊया. त्येच्या जिवाला किती दिवस असं भटकवायचं?"

बोलला तो वाईट हेतूनं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सोप्यातली सगळी माणसं कल्लाप्पाकडे बघू लागली. आतल्या दारात शेवंतावैनी उभ्या होत्या, दाराची चौकट एका हातानं धरून. त्यांच्या बांगड्यांचा आवाज झाला, तेवढाच.

कल्लाप्पा भिंतीला टेकून बसला होता. दुमडलेले पाय त्यानं सावकाश लांब केले आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवले. तळवे लोकांकडं. धूळ, चिखल, जुन्या जखमांचे वण, अंगठ्याचं वाकडं नख.

"माझं पाय अजून अनवानीच हायत, आप्पा," तो म्हणाला.

चुलत्यानं मान खाली घातली. भटजींनी दर्भ उचलून पिशवीत टाकला. आतल्या दारात आता कुणी नव्हतं.

त्यानंतर मुंबईचं आलं. पलटणीविरुद्धची एक मॅच पाहायला मुंबईतल्या एका मोठ्या टीमचे गोरे साहेब आले होते. त्यांनी कल्लाप्पाला पाहिलं आणि सोडायलाच तयार होईनात. टीममध्ये जागा, नोकरी, राहायला खोली. पुढं सिलोनला एक दौरा जायचा होता, त्यातही नाव घालू म्हणाले. अट एकच, त्यांच्याकडे अनवाणी कुणाला खेळू देत नाहीत, बूट घातलेच पाहिजेत. आमचा कॅप्टन आनंदानं रडायचा तेवढा बाकी राहिला. आमच्यातल्या कुणीही खंडाळ्याच्या पलीकडे जाऊन बॉल मारलेला नव्हता. कल्लाप्पा गेला असता तर आम्ही सगळेच थोडेथोडे गेलो असतो.

त्याच आठवड्यात शेवंतावैनी भाजीच्या गाडीतून आमच्या घरी आल्या. कधी नव्हे त्या एकट्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "मास्तरास्नी सांगा, भावजीस्नी जाऊ दे म्हनावं मुंबैला. घालू देत बूट." बायकोनं विचारलं, "अहो, पण नवस?" त्या बराच वेळ बसून राहिल्या. पाणी प्यायल्या. काहीतरी सांगायचं आहे असं वाटत होतं, पण सांगितलं नाही, आणि उठून गेल्या. मी निरोप दिला. कल्लाप्पा म्हणाला, "वैनी म्हननारच की. तिचं काम हाय ते."

साहेबांनी कॅम्पातल्या दुकानातून बूट पाठवले. कल्लाप्पा मैदानाच्या कडेला बसला. एक बूट मांडीवर घेतला, नाडी सोडली, आत हात घालून टाचेपासून पुढंपर्यंत चाचपला. वास घेतला. मला वाटलं, घालतो आता. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्यानं घालावेत. त्याचं वय निघून चाललं होतं आणि मी रोज त्याच्या मागं उभा राहून ते बघत होतो.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्ये माझ्याच मापाचं हायत."

"मग?"

"मग काय करू ठेवून?"

त्यानं नाडी पुन्हा व्यवस्थित बांधली, बूट खोक्यात घातले आणि खोकं माझ्याकडे दिलं.

गावात बातमी वाऱ्यासारखी पसरली, पण भलत्याच अंगानं. ते दिवस असे होते की गोऱ्याला कुणी नाही म्हटलं की त्याला हार घालायचे. एका वकिलांनी सभा घेतली. कडोलीच्या या सुपुत्रानं परक्यांचं कातडं पायात चढवायला नकार दिला, अशी सुरुवात करून ते बराच वेळ बोलले. कल्लाप्पा व्यासपीठावर बुट्टी पायांशी ठेवून बसला होता. खाली उतरल्यावर मी म्हटलं, "अरे, खरं काय ते सांगायचं होतंस."

"राहू दे, मास्तर. त्यास्नी लई बरं वाटत हुतं."

पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. दुसरं युद्ध आलं. आमची टीम विस्कटली. बुटातली नवी पोरं आली, ती कल्लाप्पाला आण्णा म्हणायची आणि बॉल द्यायची नाहीत. त्याचा तो अंगठा थंडीत सुजायचा. तरी तो यायचा, कडेला उभा राहायचा, आणि कुणी पोरगा आपटला की सांगायचा, "बॉलकडं बघतोस म्हनून." आसपासच्या गावांतली, सांबऱ्याची, कडोलीची पोरं भरती होऊन गाडीत बसायची तेव्हा तो स्टेशनवर जायचा. पोरांच्या तोंडाकडे बघायचा नाही. त्यांच्या नव्या बुटांकडे बघत प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत जायचा.

शेवंतावैनी आजारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. मी आणि बायको भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. कल्लाप्पा डॉक्टरांना आणायला बेळगावला गेला होता. वैनी सोप्यात खाटेवर होत्या, त्याच फळीखाली. बायकोनं त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी तो काढून घेतला.

"आक्का, मला शिवू नगा," त्या म्हणाल्या. "मी सवाष्ण न्हाय."

आम्हाला वाटलं, तापात बोलताहेत. त्या तापात नव्हत्या. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, थांबत थांबत.

सांबऱ्याचा एक हवालदार भरमाच्या पलटणीत होता. लढाईत पकडला गेला, सुटला, पुण्याकडेच राहिला. बऱ्याच वर्षांनी गावी आला तेव्हा तो कडोलीला येऊन गेला. अंगणात कल्लाप्पाशी हळू आवाजात बोलला. वैनी आत चहा करत होत्या. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांनी कल्लाप्पाचं तोंड पाहिलं.

"हवालदार चहा पिला आन् उठला. कट्ट्यावर त्येची चंची हुती तंबाखूची. मी तिच्यावर पदर टाकला, मास्तर. चंची घ्यायला त्यो परत येनार, ह्ये मला ठावं हुतं. आला. भावजी तवर बैलं घेऊन गेलते. मी म्हनलं, चंची देते, आदी सांग. त्यो म्हनला, वैनी, मला तुमच्या दिरानं शपथ घातलीया. मी म्हनलं, मग मी बी घालते. मला सांगिटलंस ह्ये त्येला सांगू नगो."

भरमा नदी उतरताना गेला होता. हवालदारानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बेपत्ता नव्हताच तो कधी.

"मग इतकी वर्षं?" माझ्या बायकोनं विचारलं.

"सासूबाई हुत्या. त्यास्नी कसं सांगायचं? आन् भावजीनं माज्यासाठी पोटात ठेवलं, त्ये मी कसं उघडं करू? त्येंचं पाय रोज बघत हुते. त्येंच्या पायावर माजं कुंकू." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ह्ये सगळं खरं हाय. पन मुंबैचं आलतं तवा मी सांगाय पायजे हुतं. तुमच्याकडं आलते त्येच्यासाठीच. बसले. पानी पिले. आन् बांगड्याकडं बघितलं. भ्या वाटलं मास्तर. खोटं कशाला बोलू?"

माझी बायको रडत होती. वैनी रडत नव्हत्या. त्यांना वेगळीच भीती होती. त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही कुंकू लावलं नव्हतं, कुठल्या नव्या नवरीची ओटी भरली नव्हती. पण लोक त्यांना सवाष्ण म्हणून पाटावर बसवायचे, त्यांच्या पाया पडायचे, ते त्यांना टाळता आलं नव्हतं. त्या पोरींचं काही वाईट झालं असेल तर ते आपल्यामुळं, असं त्यांना वाटत होतं. कुणाकुणाच्या नावानं त्या विचारत होत्या, अमकीचा नवरा बरा आहे काय, तमकीचा लढाईवरून आला काय. माझ्या बायकोला जेवढं माहीत होतं तेवढं ती सांगत होती. सगळे बरे आहेत, म्हणत होती.

"मी गेल्यावर भावजीस्नी सांगा," वैनी म्हणाल्या. "जित्तेपनी नगो. आन् म्हनावं, आता वहाना घाला."

त्या गेल्या तेव्हा कल्लाप्पानं हिरवं लुगडं आणलं, हिरवा चुडा आणला. गावातल्या बायकांनी ओटी भरली, मळवट भरला. भावकीतला तो म्हातारा चुलता काठी टेकत आला होता, तोही काही बोलला नाही. माझी बायको एका बाजूला उभी होती. तिचा क्रम आला तेव्हा तीही पुढं गेली आणि तिनंही वैनींना कुंकू लावलं.

मी कल्लाप्पाला सांगितलं ते कॅम्पातल्या मैदानावर. गोरे जायच्या तयारीला लागले होते. मैदानाच्या कडेला त्यांच्या वेताच्या खुर्च्या, लोखंडी पलंग, पेट्या असं सामान रचलेलं होतं. कल्लाप्पा बुट्टी पालथी घालून तिच्यावर बसला होता. मी हवालदारापासून चंचीपर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता माझ्या गुडघ्यांकडे बघत होता.

"बैलं घेऊन जाताना त्यो माघारी येताना दिसला हुता. मला वाटलं, चंची इसरला," तो शेवटी म्हणाला.

त्यानं गवताची एक काडी उपटली.

"मुंबैच्या टायमाला बी ठावं हुतं तिला?"

"होय."

आता हा चिडेल असं मला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं, कारण मी स्वतः चिडलो होतो. केवढा खेळ होता त्याच्या पायांत. तो समोर रिकाम्या गोलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लई एकली पडली असंल वैनी."

उठला, बुट्टी उचलली आणि गेला. नेहमीसारखाच, काही आवाज न करता.

त्यानंतर बरेच दिवस तो मैदानावर आला नाही. स्वातंत्र्य मिळालं, कॅम्पातसुद्धा झेंडे लागले. एका संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. रस्त्यावरून कुणीतरी फटफट वहाणा वाजवत येत होतं. आवाज आमच्या पायऱ्या चढला. बायको आतून म्हणाली, "कुणी परकं माणूस आलंय वाटतं, बघा जरा."

कल्लाप्पा होता. पायांत निपाणीच्या त्या लाल गोंड्यांच्या वहाणा. तो तसाच वहाणांसकट आत आला, सोपा ओलांडून पार माजघराच्या दारापर्यंत, "आक्का, मेथी आनलीया" म्हणत. तिथं बायकोची नजर त्याच्या पायांकडे गेली आणि मग त्याचीही गेली. वहाणा दारात काढायच्या असतात, हे त्याला कधी करावंच लागलं नव्हतं. तो जागच्या जागी थिजला.

"असू दे, असू दे," बायको म्हणाली. माझ्या बायकोच्या घरात तिच्या सख्ख्या भावालाही हे चाललं नसतं.

तो मागं गेला, वाकून वहाणा काढल्या, दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आत येऊन बसला. टाचेवर फोड आला होता, फुटला होता. खिळ्यांच्या बुटांना ज्याचं फारसं काही बिघडवता आलं नाही, त्या पायाला.

"लागतात का रे?" मी विचारलं.

"लागत्यात की. पुढनं पाय घसरतोय. भरमाण्णाचा पाय मोठा हुता."

चहा झाला. पाऊसपाणी, भाजीचे भाव असं काहीबाही बोलणं झालं. तो उठला आणि गेला. काही आवाज झाला नाही, म्हणून मी दाराकडे पाहिलं तर वहाणा तिथंच होत्या. मी त्या हातात घेऊन पायरी उतरलो तेवढ्यात तोच परत आला.

"इसरलो," तो म्हणाला.

माझ्या हातातून त्यानं वहाणा घेतल्या, खाली ठेवल्या आणि खांबाला धरून एकेक पाय आत घातला. मग निघाला. बायको दारात येऊन उभी राहिली. तो चर्चच्या वळणावर दिसेनासा झाला, तरी वहाणांचा आवाज येत होता. तो बंद होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.